देवाचा वाटा कोणाच्या राशीतून?

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही चिंचवडच्या इनामाची गोष्ट सांगायला उभे आहोत. तुम्ही म्हणाल, कापसाच्या भावाचे बोला, ज्वारीचे बोला, हे पुण्याकडच्या देवाच्या गावांचे पुराण कशाला? तक्रार रास्त आहे. पण आपल्या कोरडवाहू गावांतली कितीतरी पोरे आज भोसरीला, चिखलीला, चाकणला कंपनीत आहेत. एका खोलीत पाच-सहा जण राहतात आणि पगारातून गावाकडे बियाण्याला पैसे पाठवतात. ती ज्या जमिनीवर राहतात, ती कोणी कोणाला दिली हे आपल्याला माहीत असले पाहिजे. आणि दुसरे कारण तुमच्या समोर बसले आहे. या मंडपात असे शेतकरी आहेत की जे तीन-तीन पिढ्या मारुतीची, महादेवाची, खंडोबाची किंवा दर्ग्याची जमीन कसतात. पेरणी त्यांची, निंदणी त्यांची, नापिकी त्यांची, आणि सातबाऱ्यावर मालक देव.

शेतकी कॉलेजात आम्हाला जमिनीचा सामू शिकवला, नत्र, स्फुरद, पालाश शिकवले. ती जमीन कोणाच्या खात्यावर आहे आणि का आहे, याचा तास काही झाला नाही. तो आम्ही पुढे गावागावांत, तलाठ्याच्या दप्तरापुढे बसून शिकलो.

पूजा करणाऱ्या घराण्याची सोय समाजाने करायची, ही रीत फक्त आपली नाही. शेती आली, रास आली, की राशीतून देवाचा वाटा आला. पण हा वाटा कोणी, किती आणि कशातून द्यायचा, हे बारकाईने लिहून ठेवले ते जुन्या इस्राएलच्या लोकांनी. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, त्यांच्या पूर्वजांचा हा धर्मग्रंथ. तोच पुढे ख्रिस्ती बायबलाचा पहिला भाग झाला. त्यात जमिनीच्या हिश्श्याला मराठी भाषांतरकारांनी शब्द वापरला आहे ‘वतन’. यापेक्षा चपखल शब्द सापडला नसता.

त्या लोकांनी कनान देश घेतला तेव्हा वंशावार जमीन वाटली. पूजेचे काम लेवी नावाच्या वंशाकडे होते. त्यांना वतन द्यायचे नाही, असे ठरले. त्यांचे वतन म्हणजे देव. ऐकायला गोड आहे, पण देव खाऊन पोट भरत नाही. म्हणून बाकीच्यांनी आपल्या पिकाचा आणि जनावरांचा दहावा हिस्सा लेव्यांना द्यायचा, आणि लेव्यांनी त्यातला दहावा हिस्सा त्यांच्यातल्याच अहरोनाच्या घराण्याला, म्हणजे मुख्य याजकांना द्यायचा. आपल्या मापात सांगायचे तर शंभर पायली ज्वारी झाली, दहा पायल्या लेव्यांच्या, त्यातली एक याजकाची. नव्वद पायल्या कसणाऱ्याच्या घरात राहिल्या. हिशेब उघडा आहे, खळ्यावर कोणालाही मोजता येईल असा.

राहायचे कुठे? तर ४८ गावे. त्यांतली १३ अहरोनाच्या घराण्याला. ही गावे राजाने दिली नाहीत, तेव्हा राजा नव्हताच. प्रत्येक वंशाने आपल्या हिश्श्यातून द्यायची होती. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त गावे, ज्याची थोडी त्याने थोडी. गावाबरोबर गुरांसाठी भोवतालचे गायरान. ते किती? एका ओळीत गावकुसाबाहेर हजार हात म्हटले आहे आणि लगेच पुढच्या ओळीत प्रत्येक बाजूला दोन हजार हात. मोजणीखात्याचा घोळ तेव्हापासूनचा आहे म्हणायचा! पंडित लोक अजून त्यावर वाद घालतात. हे गायरान विकायला बंदी होती. लेव्याने घर विकले तरी ते केव्हाही सोडवून घ्यायचा हक्क त्याला होता.

आता यातली खोच बघा. हेब्रोन नावाचे गाव याजकांना मिळाले. पण गाव आणि गायरान तेवढे मिळाले. गावची शेते आणि वाड्या कालेब नावाच्या माणसाकडे आधीपासून होत्या, त्या त्याच्याकडेच राहिल्या. म्हणजे पुजाऱ्याची सोय करताना कसणाऱ्याच्या हातातले शेत काढून घेतले नाही, आणि तसे स्पष्ट लिहून ठेवले.

हे सगळे लिहिल्याबरहुकूम कधी अमलात आले का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. ती आम्हालाही आहे. कागदावरचा नियम आणि खळ्यावरची रास यांची गाठ पडतेच असे नाही. त्याच ग्रंथात पुढे नहेम्या नावाच्या सुभेदाराची हकीकत आहे. त्याला आढळले की लोकांनी दहावा हिस्सा देणे बंद केले आहे आणि लेवी मंदिर सोडून आपापल्या शेतावर निघून गेले आहेत. ज्यांना जमीन नको म्हणून ठरले होते, त्यांच्याकडे शेत होते आणि वेळ आली तेव्हा त्या शेतानेच त्यांना पोसले. आम्हाला ही ओळ सगळ्या नियमांपेक्षा खरी वाटते.

आता आपल्याकडे या. पवनेच्या काठी चिंचवड. तिथे मोरया गोसावींची समाधी आहे. मोठे गणेशभक्त. मोरगावच्या गणपतीवर त्यांची निष्ठा. ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणताना आपण ज्या मोरयाचे नाव घेतो तो हाच, असे लोक मानतात. त्यांच्या भक्तीबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. तिच्यापुढे आमचेही हात जोडलेले आहेत. त्यांच्या मागे त्यांचे चिरंजीव चिंतामणी आणि पुढचे वंशज ‘देव’ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांच्यात गणपतीचा अंश पिढीजात उतरतो, अशी श्रद्धा होती. माणूस भक्त असतो तोवर त्याला शिधा पुरतो. घराणेच देव झाले की गावे लागतात.

गावे मिळाली. निजामशाही गेली, आदिलशाही गेली, मोगल आले, मराठे आले. राजा बदलला की सनद नवी झाली, इनाम तेच राहिले. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरात आलमगीर बादशहाने, म्हणजे औरंगजेबाने, या घराण्याला आठ गावे वंशपरंपरेने दिल्याचे लिहिले आहे. त्याभोवती चमत्काराची कथाही आहे. कथा बाजूला ठेवू. देवळे पाडणारा म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्याच बादशहाच्या नावे गणपतीच्या घराण्याचे इनाम सांगितले जाते, यात आम्हाला नवल वाटत नाही. राज्य कोणाचेही असो, ज्याच्या शब्दाला गावात मान आहे त्याला बांधून ठेवणे राज्यकर्त्याला स्वस्त पडते. स्वस्त अशासाठी, की बादशहा आपल्या खजिन्यातून काही काढून देत नव्हता. कुणब्याने जो सारा सरकारात भरायचा, तो आता चिंचवडला भरायचा, एवढेच.

चिंचवड, वाकड, रावेत, माण, चिखली, चऱ्होली, बाणेर ही नावे त्या इनाम गावांत येतात. नावे ओळखीची वाटली ना? बसच्या पाटीवर वाचता ती हीच.

मराठेशाहीतल्या इनामपत्रांत एक ठरीव मजकूर असे: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह गाव इनाम दिला. पाणी आले, झाड आले, गवत आले, लाकूड आले, दगड आला, पुरलेले धनसुद्धा आले. कुणबी आला नाही! वर ‘खेरीज हक्कदार’ म्हणून पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क राखून ठेवत. जो मिरासदार होता, त्याची जमीन इनामामुळे जात नसे. सारा कोणाला द्यायचा तेवढे बदले. पण उपरी कुळाला असला आधार नव्हता. इनाम साऱ्याचे की जमिनीचे, हा फरक लक्षात ठेवा. आजही कोर्टात सगळा दावा त्या एका फरकावर फिरतो.

आम्ही ज्यासाठी ही गोष्ट तुमच्यासमोर मांडायला घेतली, ती पुढेच आहे. चिंचवडच्या देवांना गावांखेरीज आणखी एक हक्क होता. कोकणातल्या काही ठिकाणांहून अन्नछत्रासाठी लागणारे धान्य आणि सामान बाजारभावापेक्षा कमी दराने विकत घेण्याचा. शिवाजी महाराजांच्या कारभारात हे लक्षात आले, की यात रयतेची नागवण होते. महाराजांनी हा हक्क बंद केला. देवाची सोय मात्र मोडली नाही. लागणारा माल सरकारी कोठारातून द्यावा, असा बंदोबस्त केला.

भावांनो, यात काय आहे ते नीट समजून घ्या. गाव इनाम दिले की वहीत नोंद होते. दहावा हिस्सा दिला की खळ्यावर माप होते. पण भाव पाडून माल घ्यायचा हक्क दिला, तर त्याची नोंद कुठेच होत नाही. शेतकऱ्याला पैसे मिळालेले दिसतात, पावती मिळते, घेणाऱ्याने विकत घेतले असे म्हणता येते. पायलीमागे किती गेले ते फक्त शेतकऱ्याच्या बायकोला कळते, दिवाळीला. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी एका राजाने हे ओळखले, की स्वस्तात खरेदी हाही एक सारा आहे, आणि दान करायचे असेल तर ते सरकारने आपल्या कोठारातून करावे. कोठार भरते तेही रयतेच्याच साऱ्यातून, हे खरे. पण तो सारा ठरलेला असतो, सगळ्यांवर असतो, आणि बाजारातला भाव तरी मोडत नाही.

आता स्वराज्यानंतरचे बघा. ज्वारीची लेव्ही तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. एवढी जमीन तर एवढे पोते, सरकारी भावाने, बाजारात भाव काहीही असो. घरात खायला नसले तरी बाजारातून महाग ज्वारी घेऊन सरकारला स्वस्तात घालणारे शेतकरी होते. शहरातल्या गरिबाला धान्य मिळाले पाहिजे, यात वाद नाही. प्रश्न एवढाच, की ते दान कोणाच्या राशीतून? १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, ती सुमारे तीस वर्षे चालली. तिने काही वर्षी आधार दिला, हे नाकारणार नाही. पण आपला कापूस दुसऱ्याला विकायची मुभा नव्हती आणि चुकाऱ्यासाठी वाट पाहावी लागत होती. चिंचवडच्या देवांचा तो हक्क महाराजांनी काढून घेतला. नंतरच्या सरकारांनी तसलाच हक्क स्वतःकडे घेतला.

चिंचवडची पुढची हकीकत थोडक्यात. १८०० साली मूर नावाचा इंग्रज कॅप्टन तिथे जाऊन आला आणि ‘जिवंत देवा’वर त्याने लेख लिहिला. १८०९ साली मारिया ग्रॅहम नावाच्या बाई गेल्या, तेव्हा गादीवर एक लहान मुलगा होता. १८१० साली थेट वंश खुंटला. इनाम वंशाला दिलेले; वंश संपला तर इनाम सरकारजमा व्हायचे. मग तिथल्या मंडळींनी सखाहरी नावाच्या लांबच्या भाऊबंदाला गादीवर बसवले. देवाचा अंश उतरला की नाही, हे आम्हाला ठाऊक नाही. गावे मात्र राहिली. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन नेमले, घरोघरच्या सनदा तपासल्या आणि अनेकांची इनामे कापली. देवस्थानांना त्यांनी सहसा हात लावला नाही. बादशहाला जे कळत होते ते कंपनी सरकारलाही कळत होते.

स्वातंत्र्यानंतर इनामे गेली. व्यक्तिगत इनामे १९५२ च्या कायद्याने गेली. महार वतने आणि गावकामगारांची कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वेठ केली त्यांना ती जमीन किंमत भरून, नव्या शर्तीने परत घ्यावी लागली. वर्ग तीनची, म्हणजे देवस्थानची इनामे मात्र राहिली. आणि कूळकायद्यात काय झाले? १९४८ चा मुंबई कूळवहिवाट कायदा, त्यातली नंतरची दुरुस्ती. १ एप्रिल १९५७ रोजी जो जमीन कसत होता तो मालक झाल्याचे मानले गेले. शेजारच्या बांधावरचा कूळ मालक झाला. देवाच्या जमिनीवरचा कूळ कूळच राहिला, कारण कलम ८८-ब. धार्मिक संस्थेच्या जमिनीला कूळाच्या खरेदीची कलमे लागू नाहीत, असे हे कलम सांगते. दोघांनी एकाच पावसावर पेरले, एकाच दुष्काळात जनावरे विकली. एकाच्या नातवाला सोसायटी कर्ज देते, दुसऱ्याच्या नातवाला सातबाऱ्यावर मालक म्हणून देवाचे नाव बघून परत पाठवते.

चाकणच्या बाजूच्या एका गावात आम्ही असा एक कूळ पाहिला. बापाच्या हाताची विहीर, स्वतःच्या हाताची ताल. जमिनीला भाव नव्हता तोवर देवस्थानातून कोणी खंड मागायलासुद्धा फिरकले नव्हते. कारखाने आले, रस्ता रुंद झाला, आणि एक दिवस पंच शेत मोजायला हजर. देवाला अचानक आपल्या शेताची आठवण झाली. त्या म्हाताऱ्याने आम्हाला एवढेच विचारले, ‘साहेब, विहीर कोणाची?’

या पट्ट्यात गेल्या साठ-सत्तर वर्षांत काय झाले, ते तुम्हाला ठाऊक आहे. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला. १९६१ चा औद्योगिक विकास कायदा, १९६२ साली महामंडळ. मग पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी, नंतर चाकण. शेतकऱ्याची जमीन सक्तीने संपादन करायची आणि कारखानदाराला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायची. माणमध्ये आज संगणकाच्या कंपन्या आहेत, वाकड-रावेतला मजल्यांवर मजले. आम्ही कारखान्यांच्या विरोधात नाही. आपली पोरे तिथे जेवतात. पण बादशहाच्या सनदेची आणि महामंडळाच्या पट्ट्याची रीत तुलना करून बघा. देणारा वेगळा, घेणारा वेगळा, आणि ज्याच्या बांधावरून व्यवहार झाला त्याचे नाव संपादनाच्या यादीत, किमतीसमोर. तो मालक असेल तर निदान किंमत तरी त्याला. देवस्थानचा कूळ असेल, तर त्याला आपले नाव त्या यादीत आहे का, इथपासून भांडावे लागते.

कोणी म्हणेल, हे देवधर्माच्या विरुद्ध बोलतात. मुळीच नाही. देवाची दिवाबत्ती चालली पाहिजे. आपल्या गावचा गुरव आपल्यासारखाच कोरडवाहू आहे. कित्येक ठिकाणी तो स्वतःच ती जमीन कसतो आणि त्याचीही गत आपल्यासारखीच. सप्टेंबर २०२१ मध्ये मध्यप्रदेशच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की देवस्थानच्या जमिनीचा मालक देव आहे, पुजारी नव्हे. मालकाच्या रकान्यात पुजाऱ्याचे नाव लागायचे कारण नाही. म्हणजे ती जमीन पुजाऱ्यालाही विकता येत नाही आणि पंचांनाही स्वतःची म्हणता येत नाही. आमची मागणी आहे ती अशी: दिवाबत्तीला लागणारा खर्च ठरवा, तो रोख द्या, सरकारच्या कोठारातून द्या, आणि शेत कसणाऱ्याच्या नावावर करा. हे काही क्रांतिकारक नाही. चिंचवडच्या बाबतीत महाराजांनी अर्धे करून दाखवले आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर जे हातात आहे ते बघा. कलम ८८-ब ची सवलत संस्थेला आपोआप मिळत नाही. संस्था सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली हवी, जमिनीचे सगळे उत्पन्न संस्थेच्या कामाला लागत असले पाहिजे, आणि चौकशी करून जिल्हाधिकाऱ्यांनी तसे प्रमाणपत्र दिलेले असले पाहिजे. एकदा दिलेले प्रमाणपत्र हा निर्णायक पुरावा ठरतो. म्हणून पहिला प्रश्न: आपल्या देवस्थानाला ते दिले गेले आहे का? दुसरे, त्याच विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या आधीच्या मंजुरीशिवाय विश्वस्तांना अशी जमीन विकता येत नाही, शेतीसाठी दहा वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेतीसाठी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. कोणी शेतात खुंट्या ठोकायला आला तर आधी मंजुरीचा कागद मागा. तोंडी बोलणे ऐकून अंगठा देऊ नका. विदर्भाला १९५८ चा आणि मराठवाड्याला हैदराबादचा १९५० चा कूळकायदा लागू आहे. तिथे कलमांचे आकडे वेगळे, म्हणून आपल्या भागातला कायदा जाणणारा वकील गाठा.

तलाठ्याकडे गाव नमुना तीन असतो, दुमाला जमिनींची नोंदवही. त्यात इनाम कोणत्या वर्गाचे ते मिळेल. सनदेचा दाखला मिळाला, तर इनाम साऱ्याचे की जमिनीचे ते बघा. सातबाऱ्यात कूळ म्हणून आणि इतर हक्कात आपले नाव कोणत्या फेरफाराने लागले, तो फेरफार काढा. जुने पीकपाहणीचे उतारे काढा, १९५० च्या आसपासचे मिळाले तर सोन्याहून पिवळे. खंडाच्या पावत्या आजीच्या पेटीत असतील, त्या उंदराने खायच्या आत बाहेर काढा. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या बैठकीला येताना हे सगळे घेऊन या. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स आणा, मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, आमच्यासुद्धा.